उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो का?

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, वार्षिक परीक्षा जवळ आली म्हणून सायन्सची उजळणी घेत होते. उन्हाळा का होतो विचारलं तर म्हणाला पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून. वस्तुमान आणि वजन त्याला एकच वाटतं, आणि खडकांचे तीन प्रकार धडाधड म्हणतो पण दगड समोर ठेवला की गप्प. व्याख्या पाठ आहेत, कळलेलं काही नाही. काय करू? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी एक सांगते, त्याला रागावू नका. जवळ गेलं की जास्त शेकतं हे तो चुलीपाशी, गॅसपाशी रोज बघतो, तेच त्याने सूर्याला लावलं. फक्त त्याला एवढं विचारा, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ कधी असते? जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण 14.7 कोटी किलोमीटरवर, आणि जुलैमध्ये सगळ्यात लांब, 15.2 कोटीवर. म्हणजे आपण स्वेटर घालतो तेव्हा सूर्य जवळ असतो! हे ऐकल्यावर मुलं थबकतात, आणि खरं कारण सांगायची वेळ तीच.

कारण आहे पृथ्वीचा कललेला आस, साडेतेवीस अंशांनी, त्यामुळे वर्षभरात दुपारचं ऊन कधी सरळ तर कधी तिरपं पडतं. पण हे वाक्यसुद्धा तो पाठच करेल, म्हणून गच्चीवर मीटरभर काठी सरळ उभी करा आणि दर रविवारी दुपारी साडेबाराच्या आसपास तिची सगळ्यात लहान सावली खडूने आखायला लावा. (बरोबर बाराला नाही हं, आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं आणि सांगली त्याच्या बरीच पश्चिमेला, त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर उशिरा येतो.) 22 डिसेंबरला ही सावली तुमच्याकडे जवळपास 85 सेंटीमीटर असते, 21 मार्चला 30 वर येते, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस सावली काठीच्या बुडाशीच गायब होते. तोच शून्य सावलीचा दिवस, नागपूरला तो मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो. ऊन तिरपं पडलं की तेवढाच उजेड जास्त जागेवर पसरतो आणि जमीन कमी तापते, हे रात्री टॉर्च भिंतीवर सरळ आणि तिरपा धरून दाखवा, लगेच पटतं. मग जूनमध्ये मेपेक्षा गार का, असं तो विचारेलच, तर ते ढग आणि पावसामुळे.

वस्तुमान-वजनाचं सोपं आहे. भाजीवाल्याची तागडी चंद्रावर नेली तरी एक किलो कांदे एक किलोच, कारण दोन्ही पारडी सारखीच हलकी होतात. ताणकाट्यावर, म्हणजे स्प्रिंगच्या काट्यावर, मात्र तेच कांदे इथे 9.8 न्यूटन आणि चंद्रावर जेमतेम 1.6 न्यूटन भरतील. तागडी वस्तुमान सांगते, ताणकाटा वजन. आपण बोलताना दोन्हीला वजनच म्हणतो, सगळा गोंधळ तिथून होतो, त्यामुळे पेपरात एकक बघायची सवय लावा, किलो की न्यूटन.

आणि खडकांसाठी तर घराबाहेर जायचीही गरज नाही. पाटा-वरवंटा काढा, तो आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झालेला, म्हणून अग्निज. शहाबादी फरशी असेल तर ती चुनखडक, थरावर थर साचून झालेली, स्तरित. आणि देव्हाऱ्यातला संगमरवर म्हणजे तोच चुनखडक जमिनीखाली उष्णता आणि दाबाने बदललेला, रूपांतरित. फरशीचा एखादा जुना तुकडा मिळाला तर त्यावर लिंबाचे दोन थेंब टाका आणि भिंगातून बघा, बारीक बुडबुडे येतात. पाट्यावर टाका, काही होत नाही. का होत नाही ते त्याला शोधू द्या, तुम्ही लगेच सांगू नका. फक्त देव्हाऱ्याच्या संगमरवरावर हा प्रयोग करू देऊ नका, त्याचं पॉलिश जातं.