बाभळीचा झोन मोठा आला, मग पेस्ट सोडू का?

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी चोपड्याची, बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी आम्ही निंबाची काडी, बाभळीची साल अन् लवंग यांचे मिथेनॉलमध्ये अर्क काढले आणि दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस म्युटन्सवर टेस्ट केले. बाभळीचा झोन, म्हणजे अर्काभोवती बॅक्टेरिया न वाढलेलं रिकामं वर्तुळ, बाजारातल्या पेस्टपेक्षा मोठा आला! आजोबा आता सगळ्यांना सांगत सुटलेत की पोरीने सिद्ध केलं, पेस्ट बंद करा. खरंच बंद करायची का?

उत्तर : नाही गं, पेस्ट बंद करू नकोस. पण तुझा झोन खोटाय असं मी अजिबात म्हणत नाहीये, बाभळीच्या सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं आणि ते बॅक्टेरियाच्या प्रोटीनला धरून बसतं, त्यामुळे वाढ थांबते हे पटण्यासारखं आहे. फक्त आधी एक सांग, नुसतं मिथेनॉल टाकलेली वेल (प्लेटमधल्या जेलीत पाडलेला छोटा खड्डा) त्याच प्लेटवर ठेवली होती का? ठेवली नसेल तर मारलं कोणी, सालीने की मिथेनॉलने, हे कळणारच नाही. आणि टॅनिन आगारमधल्या, म्हणजे त्या जेलीतल्या, प्रोटीनलाही साकळवतं, वेलभोवती तपकिरी गढूळ कडं दिसतं, घाईत तेही झोनमध्ये मोजलं जातं, म्हणून प्लेट उजेडासमोर धरून परत बघ.

आता खरा मुद्दा. प्लेटवर तू जे मोजलंस ते पेस्टचं मुख्य काम नाहीच. पेस्टमधलं फ्लोराइड बॅक्टेरिया मारण्यासाठी नसतं, म्हणजे थोडंफार करतं तेही, पण त्याचं मोठं काम दातावर चालतं. गोड चहा-बिस्किट खाल्लं की म्युटन्स साखरेपासून ॲसिड बनवतात, पीएच ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं (दाताच्या वरच्या कडक थरातलं) कॅल्शियम विरघळायला लागतं, आणि फ्लोराइड असलं की लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट परत दातावर बसायला मदत होते. हे काम पेट्री प्लेटवर दिसणारच कसं, तिथे दातच नाही! त्यात झोनचा आकार अर्क आगारमध्ये किती पसरतो यावरही ठरतो, त्यामुळे घट्ट पेस्ट आणि पातळ अर्क यांची अशी तुलना मला तरी पटत नाही. शिवाय प्लेट इन्क्युबेटरमध्ये रात्रभर असते, तोंडात मात्र अर्क मिनिट-दोन मिनिटं टिकतो मग लाळेबरोबर जातो. आणि दातावरचे बॅक्टेरिया सुटे नसतात, साखरेपासूनच बनवलेल्या चिकट थरात दडून बसतात, तिथवर औषध पोचणं फार अवघड.

वेळ असेल तर साखर घातलेल्या मीडियामध्ये (बॅक्टेरिया वाढवायच्या द्रवात) काचेवर तो चिकट थर वाढव, दोन मिनिटं अर्कात बुडव, धुऊन मग किती जिवंत राहिले ते मोज, सोबत तुलनेसाठी ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन (जंतू मारणारं माउथवॉश) ठेव. असा प्रोजेक्ट झाला तर मला फार आवडेल.

आजोबांना दातवण करू दे, काडी चावून नीट कुंचा झाला की तो थर घासून निघतो आणि हा फायदा खराच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही मिस्वाकची (पीलूच्या झाडाची) काडी जिथे पूर्वीपासून वापरतात तिथे वापरायला पाठिंबा दिला होता. हिरड्या रक्ताळेपर्यंत घासू नये एवढंच बघ, आणि रात्री झोपताना १००० पीपीएम किंवा जास्त फ्लोराइडची पेस्ट तू वापर, त्यांनाही वापरायला लाव.

प्रश्न : ताई, आमची आई वर्षानुवर्षं मिश्री लावते, आता पुढचे दात हलतात. लवंगेचं तेल लावलं तर हिरडी घट्ट होईल का? (यावल)

उत्तर : नाही होणार दादा. लवंगेतल्या युजेनॉलने जागा बधिर होते, दुखणं तेवढ्यापुरतं दबतं, पण आतलं हाड झिजलेलं असेल तर ते तेलाने भरत नाही, आणि तेल तसंच लावलं तर हिरडी भाजते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, दात साफ करायची पावडर नव्हे, तोंडाच्या कॅन्सरचा धोका त्यात आहे. आईंना रागावू नका, सवय नाही तर व्यसन आहे ते, एकदम सुटत नाही. पण गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं यातलं काही असेल तर शेतीची कामं आटोपायची वाट न बघता याच आठवड्यात सिव्हिलला दातांच्या डॉक्टरांना दाखवा, हलणारे दातही तेव्हाच तपासून घ्या.