जुनी ऑक्टेव्हिया आरएस घेताना काय तपासावे?

२०१७ मध्ये भारतात आलेली स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २३० जुन्या बाजारात घेताना काय पाहावे, असा प्रश्न आहे. माझ्या मते सर्वप्रथम इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली होती का, हे शोधावे. कारण मूळची २३० अश्वशक्ती काही हौशी मालकांना पुरत नाही, आणि विक्रीपूर्वी मूळ सॉफ्टवेअर परत भरले तरी टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्स यांनी सोसलेला ताण पुसला जात नाही. एक्झॉस्टवरील नवे वेल्डिंग किंवा बाहेरून बसवलेला एअर फिल्टर दिसल्यास मालकाला स्पष्ट विचारावे.

या गाडीतील सहा गतींच्या डीएसजी (दोन क्लचच्या स्वयंचलित) गिअरबॉक्सचे क्लच तेलात चालतात आणि ते तेल साधारण दर ६०,००० किलोमीटरला बदलावे लागते, म्हणून त्याचे बिल पाहिल्याशिवाय पुढची बोलणी करू नयेत. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे, कारण तापलेल्या इंजिनात काही दोष लपतात. बॉनेट आधीच कोमट लागले, तर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाच्या भागातून कूलंट गळणे ही या इंजिनाची परिचित तक्रार असल्याने तेथे वाळलेले डाग शोधावेत.

टायरच्या बाजूवर ‘DOT’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. कर्जाचा बोजा, थकीत ई-चलन आणि विम्याचे जुने दावे मात्र गाडी पाहायला निघण्यापूर्वीच तपासावेत.