पदपथाच्या कडेला आदळलेले चाक आणि ५८ हजारांचे एस्टिमेट

प्रश्न : माझी साडेतीन वर्षांची, ३१ हजार किलोमीटर चाललेली हॅचबॅक गाडी आहे. गेल्या आठवड्यात रात्री पावसात डावीकडे वळताना पुढचे डावे चाक पदपथाच्या काँक्रीटच्या कडेवर जोरात आदळले. वेग ताशी तीसच्या आसपास असावा. अलॉय व्हीलची कड खरवडली आहे, टायरच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला आहे आणि गाडी सरळ जात असतानाही स्टिअरिंग थोडे डावीकडे वळलेले राहते. सर्व्हिस सेंटरने दोन टायर, एक अलॉय, दोन्ही लोअर आर्म, दोन्ही शॉकअप, डावे बेअरिंग आणि संपूर्ण स्टिअरिंग रॅक असे ५८ हजारांचे एस्टिमेट दिले आहे. आमचा नेहमीचा मेकॅनिक मात्र म्हणतो, "टायर बदला, अलाइनमेंट करा, बाकी काही झालेलं नाही." कोणाचे ऐकावे? विम्याचा दावा करावा का? दसऱ्याला कसारा घाटातून मुंबईला जायचे आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : टायरबाबत दोघांचेही एकमत आहे आणि ते बरोबर आहे, म्हणून आधी तेवढे निकालात काढू. चाक कडेवर आदळते तेव्हा टायरची बाजू रिम आणि काँक्रीट यांच्यात चिमटली जाते आणि आतले धागे तुटतात. फुगा दिसतो त्या जागी हवेचा दाब आता केवळ रबराने तोलून धरलेला असतो. यावर पॅच चालत नाही, हवा कमी ठेवूनही उपयोग नाही, आणि घाटातल्या वळणांवर तो टायर केव्हा फुटेल याचा नेम नाही. आजच स्टेपनी लावा. दोन टायर सांगितले आहेत तेही वाजवी आहे, कारण ३१ हजार किलोमीटर झिजलेल्या उजव्या टायरशेजारी कोरा टायर घातला तर एकाच धुरेवरच्या दोन चाकांचा व्यास आणि पकड वेगवेगळी होते. काढलेला उजवा टायर चांगला असेल तर तो स्टेपनीसाठी ठेवता येईल.

बाकीच्या यादीबद्दल मात्र मी दोघांशीही सहमत नाही, कारण तुमच्या पत्रात अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन मोजल्याच्या) छापील कागदाचा कुठेच उल्लेख नाही. सर्व्हिस सेंटरने न मोजता भाग लिहिले आणि मेकॅनिकने न मोजता ते नाकारले, असे दिसते. म्हणून पहिला खर्च कोणत्याही भागाचा नसावा. फुगलेला टायर उतरवून, चारही चाकांत योग्य हवा भरून, चारही चाकांचे अलाइनमेंट संगणकीय यंत्रावर केवळ मोजून घ्यावे, आणि काहीही फिरवण्याआधीचा कागद मागून घ्यावा. "आधी प्रिंट द्या, मग पाना लावा," असे स्पष्ट सांगा.

त्या कागदावर पुढच्या प्रत्येक चाकाचे तीन कोन असतात आणि तुमच्या मॉडेलसाठी ठरलेली मर्यादाही शेजारीच छापलेली असते. टो म्हणजे चाकाचे तोंड आत किंवा बाहेर वळलेले असणे. ते टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगचे वळण चाकापर्यंत नेणारा दांडा, फिरवून जुळवता येते. कॅम्बर म्हणजे चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर झुकणे, आणि कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते तो अक्ष पुढे-मागे कललेला असणे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचे हे दोन कोन जुळवण्याची सोयच दिलेली नसते. त्यामुळे फक्त टो चुकलेला असेल आणि कॅम्बर-कॅस्टर दोन्ही बाजूंना मर्यादेत असतील, तर तुमच्या मेकॅनिकचे म्हणणे जवळजवळ खरे ठरते. डाव्या चाकाचा कॅम्बर किंवा कॅस्टर मर्यादेबाहेर असेल, तर काहीतरी वाकले आहे, आणि अशा वेळी नुसता टो जुळवून स्टिअरिंग सरळ करणे म्हणजे दुखणे झाकणे होय. गाडी सरळ धावू लागते खरी, पण वाकलेला भाग तसाच राहतो आणि नवा टायर एका कडेने झिजू लागतो.

घरीही एक पडताळणी करता येते. सपाट जागेवर स्टिअरिंग अशा रीतीने ठेवा की पुढची चाके सरळ राहतील, आणि टायरच्या मागच्या कडेपासून चाकाच्या कमानीपर्यंतचे अंतर टेपने दोन्ही बाजूंना मोजा. डावीकडचे अंतर बोटभर कमी भरले तर चाक मागे सरकले आहे, आणि पहिला संशय डाव्या लोअर आर्मवर, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या भागावर, जातो. गाडी लिफ्टवर असताना त्या आर्मच्या पत्र्यावर सुरकुती, तडकलेला रंग किंवा बुश (जोडावरचे रबर) फाटलेले दिसते का, ते स्वतः टॉर्च घेऊन पाहा. वाकलेला आर्म ठोकून सरळ करून घेऊ नये, तो बदलावाच. पण तो एकच! उजवा आर्म बदलण्याचे कारण सर्व्हिस सेंटरने दाखवून द्यावे.

टाय रॉडचा या यादीत उल्लेखच नाही, याचे मला आश्चर्य वाटते. असा धक्का रॅकपर्यंत, म्हणजे स्टिअरिंग फिरवले की दोन्ही टाय रॉड ढकलणाऱ्या यंत्रणेपर्यंत, पोहोचण्याआधी बहुधा टाय रॉड वाकतो, आणि त्याची किंमत रॅकच्या तुलनेत अगदी किरकोळ असते. पुढची दोन्ही चाके उचलून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. मध्येच कुठे ते जड होत नसेल, खडखडत नसेल आणि रॅकच्या टोकांवरच्या रबरी आवरणातून (बुटातून) काही गळत नसेल, तर संपूर्ण रॅक बदलण्यास नकार द्यावा. एस्टिमेटमधला सर्वांत मोठा आकडा बहुधा याच ओळीतला असेल.

शॉकअपमधून तेल गळत असेल किंवा त्याचा दांडा वाकला असेल तर तो बदलावा लागतो. धक्का डाव्या चाकाला बसला असताना उजवा बदलायचा तर तो जुना होऊन मंदावला आहे हे आधी दिसले पाहिजे, आणि ३१ हजार किलोमीटरला तसे सहसा होत नाही. बेअरिंगची परीक्षा कानाने होते. ताशी ५०-६० वेगाला घुमल्यासारखा आवाज येत असेल आणि उजवीकडे वळताना, म्हणजे डाव्या चाकावर भार आल्यावर, तो वाढत असेल तर बेअरिंग गेले आहे. आज आवाज नसेल तर थांबा, पण पुढचे काही आठवडे कान उघडे ठेवा. अलॉय नुसते खरवडले असेल तर तो दिसण्याचा प्रश्न आहे. टायर उतरवल्यावर आतल्या कडेलाही तडा नाही आणि बॅलन्सिंग यंत्रावर फिरताना रिम डोलत नाही, एवढे पाहून तेच वापरावे. तडा असेल तर मात्र वेल्डिंग न करता नवे घ्यावे.

विम्याचा निर्णय खरा आकडा कळल्यावरच करता येईल, मात्र दावा करायचा असेल तर गाडी खोलण्याआधी कंपनीला कळवावे लागते. झीरो डेप (घसारा न कापणारे जादा कव्हर) नसेल तर साडेतीन वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के आणि टायर-रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये स्वतः भरावे लागतात, आणि धक्का न बसलेल्या उजव्या टायरचे पैसे मिळत नाहीत. सलग तीन वर्षे दावा केला नसेल तर ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्यावरची ३५ टक्के सूट तुम्हाला मिळत असणार. एनसीबी प्रोटेक्शन (दावा केला तरी ही सूट टिकवणारे जादा कव्हर) घेतलेले नसेल तर एका दाव्याने ती शून्यावर येते आणि पुन्हा २० टक्क्यांपासून चढावी लागते. दोन टायर, एक लोअर आर्म, एक टाय रॉड आणि अलाइनमेंट एवढ्यावर काम भागले, तर मी दावा करणार नाही. रॅक किंवा अलॉय खरोखरच गेले असेल, तर करेन.