चाळिशीनंतर बेस गिटार शिकायची आहे. गिटारचे सर "बेसही शिकवतो" म्हणतात, त्यांच्याकडे जावं का?

जा, पण फी भरण्याआधी सरांना एवढंच विचारा: ड्रमरसोबत बेस घेऊन शेवटचे कधी वाजवलंत? उत्तर टाळलं तर दुसरीकडे बघा.

गिटारवाल्याला बेसवर सूर लगेच सापडतात, कारण बेसच्या चारही तारा गिटारच्या जाड चार तारांच्याच सुरांच्या, ई-ए-डी-जी, फक्त एक सप्तक खाली. पण बेसमध्ये निम्मं काम न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवण्याचं असतं. ए तार छेडताना उजव्या हाताचा अंगठा ई तारेवर टेकलेला हवा, जी तारेपर्यंत गेलात की तोच अंगठा खाली सरकून बाकीच्या तारा दाबून धरतो. हे जमलं नाही तर घरी कळतही नाही, अॅम्पचा आवाज वाढवला की मात्र सगळी घरघर ऐकू येते. पहिल्याच तासात सरांचं लक्ष तुमच्या या अंगठ्याकडे गेलं तर माणूस कामाचा.

डाव्या हाताचंही बघा. बेसची तार साधारण ३४ इंचांची असते, गिटारची साडेपंचवीसच्या आसपास. त्यामुळे पहिल्या काही फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) 'एका फ्रेटला एक बोट' हा हट्ट मोठ्या माणसाच्या मनगटाला महागात पडतो. जाणकार शिक्षक तिथे तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी वापरायला सांगतात. "ताणा, होईल सवय" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. हात लहान असेल तर ३० इंची बेसही मिळतो.

आणि उजव्या हाताची एकच पद्धत खरी असं कुणी ठासून सांगत असेल, तर मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची कितीतरी गाजलेली गाणी वाजवणारा बेसवादक जेम्स जेमरसन एकाच बोटाने वाजवायचा आणि अमेरिकन बेसवादक कॅरोल के पिकने (तार छेडायच्या छोट्या पट्टीने), हे त्यांना सांगून बघा. चेहरा बघण्यासारखा होतो.

शोधायचं कुठे? ऑर्केस्ट्रात बऱ्याचदा कीबोर्डवाल्याचा डावा हातच बेस सांभाळतो, तिथे फारसं कुणी सापडणार नाही. चर्चमधले बँड आणि पबमध्ये वाजवणारी मुलं बघा. कार्यक्रम संपल्यावर, वायरी गुंडाळताना बेसवाला निवांत असतो, तेव्हा विचारा. तो तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान निघेल. निघू दे.

ट्रिनिटी आणि रॉकस्कूल या संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या परीक्षा बेसलाही आहेत. वेळापत्रक असल्याशिवाय हात चालत नसेल तर द्या, नाहीतर सरळ आवडीचं गाणं घेऊन जा आणि "हे वाजवायचंय" म्हणा. ऑनलाइन शिकलात तर तंत्र कळेल, पण आवाज उशिरा पोहोचत असल्याने दोघांना एकत्र वाजवता येत नाही. म्हणून अधूनमधून समोरासमोर बसाच.

तीन महिन्यांची फी एकदम मागितली तर आधी एका तासाचे पैसे देऊन बघतो म्हणा. वाजवणारे लोक याला सहसा नाही म्हणत नाहीत.