हाक मारली की लॅब्राडोर उलट लांब पळतो, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दापोलीजवळ, समुद्रापासून दहा मिनिटांवर घर. १० महिन्यांचा लॅब्राडोर नर. घरात 'बस', 'हात दे' सगळं करतो, पण बाहेर सोडला आणि 'ये' म्हटलं की मान वळवून बघतो आणि किनाऱ्याकडे सुटतो. शेजारच्या काकांचं मात्र ऐकतो. अंगावर गोचीड झालेत, पावसाळा तोंडावर आलाय, जवळपास ट्रेनर नाही, आणि पुढेमागे त्याला डॉग शोमध्ये उतरवायची हौस आहे.

शोचं नंतर बघू. उद्या सकाळपासून त्याला 'ये' म्हणणं बंद करा. तो शब्द वाया गेलाय, आता त्याच्यात जीव उरलेला नाही.

तुमचं ते 'मान वळवून बघतो' वाचलं आणि मी लिहायला बसलो, कारण आमचा मोत्या अगदी असाच बघायचा. आमचं गाव वेंगुर्ल्याकडचं. मोत्या गावठी, पांढरा, दिवसभर बागेत मोकळा. मी तेव्हा विशीत होतो. संध्याकाळी मी हाक मारायचो, तो यायचा, मी साखळी अडकवायचो. रविवारी हाक मारायचो, तो यायचा, मी त्याच्या अंगावर राकेलचा बोळा फिरवायचो, कारण राकेलाने गोचीड मरतात असं सगळेच सांगायचे. एकदा कोंबडीमागे लागला म्हणून हाक मारली, आला, तर पाठीत काठी घातली. मला वाटायचं मी कुत्र्याला शिस्त लावतोय. त्याचा हिशेब सरळ होता: या माणसाने हाक मारली की काहीतरी वाईट होतं.

नोव्हेंबरातली एक संध्याकाळ. तो काजूच्या बागेच्या कडेला गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, उभा होता. मी हाक मारली. त्याने मान वळवली, पुढचा एक पाय उचललेला तसाच अधांतरी ठेवून माझ्याकडे बघितलं, आणि पलीकडे उडी मारली. त्या रात्री वाघाने नेला. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. सकाळी गडग्यापलीकडे त्याचा पट्टा मिळाला.

म्हणून कोणी विचारलं की पिल्लाला पहिलं काय शिकवू, तर मी 'बस' सांगत नाही, हाक सांगतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये हे मागेपुढे चालेल. आपल्याकडे उघड्या विहिरी आहेत, गडग्याच्या भेगांत फुरसं असतं, रात्री वाघ खळ्यापर्यंत येतो, आणि हायवेला गाड्या थांबत नाहीत. हाकेला परत येणारा कुत्रा यातून वाचतो.

आता नवा शब्द घ्या. घरात रोज तोंडी नसलेला, एकच, आणि सगळ्यांनी तोच वापरायचा. आमच्याकडे आई 'यू यू' म्हणायची, मुलगा 'कम', मी 'ये'. कुत्र्याला ते तीन वेगळे आवाज होते आणि एकाचाही अर्थ पक्का नव्हता. हल्लीच्या तांबूसाठी आम्ही 'हय' ठरवलं, मालवणीतलं 'इकडे'. तुम्ही 'धाव' घ्या, काहीही घ्या, पण कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा.

पहिले चार-पाच दिवस स्वयंपाकघराबाहेर जाऊच नका. तो समोर उभा असताना शब्द एकदाच म्हणायचा आणि लगेच तोंडात खाऊ. त्याने काही करायचं नाही, शब्दामागून खाऊ येतो एवढंच त्याच्या मनात बसू दे. दिवसाला वीसेक वेळा, दिवसभरात दोन-तीन बैठकांत विभागून. खाऊ म्हणजे बिस्किट नव्हे. उकडलेल्या अंड्याचे चण्याएवढे तुकडे, कोंबडीचं काळीज, काटे नीट काढलेला उकडलेला बांगडा. खारवलेली सुकट नको, मीठ फार असतं. कालवणातला तुकडाही नको, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याचं रक्त खराब करतो.

मग पडवी, मग खळं, मग बाग, आणि समुद्र सगळ्यात शेवटी. बाहेर पडलात की अंगात हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि मागे दहा-बारा मीटरचा लांब दोर. दोर सुती घ्या. नायलॉनचा हात भाजतो, काथ्याचा सोलतो. दोर त्याला ओढायला नाही, पळून जाण्यातली मजा त्याला मिळू नये म्हणून आहे. मानेला झटका देऊ नका, चोक चेन, म्हणजे ओढली की मान आवळणारी साखळी, घरात असेल तर काढून टाका.

शब्द एकदाच. तीन-चारदा ओरडलात तर तो चौथ्या हाकेला यायचं शिकेल. नाही आला तर त्याच्या मागे धावू नका, उलट दिशेने पळा किंवा जमिनीवर बसून मातीत काहीतरी शोधल्यासारखं करा. पळणाऱ्या माणसामागे लॅब्राडोर धावतोच. पोचला की खाऊ देण्याआधी दोन बोटं पट्ट्यात घाला, मग खाऊ, मग सोडून द्या. हे 'सोडून द्या' सगळ्यात महत्त्वाचं. दहा हाकांपैकी नऊ वेळा त्याला पुन्हा खेळायला जाऊ द्यायचं. घरी न्यायची वेळ झाली, आंघोळ घालायची, औषध द्यायचं, तर हाक मारायची नाही, तुम्ही चालत जाऊन त्याला घ्यायचं. आणि कितीही उशिरा आला, चिखलात लोळून आला, तरी आल्यावर रागवायचं नाही. तुम्हाला राग पळाल्याचा असतो, त्याच्या लेखी तो आल्याबद्दल असतो.

काकांचं ऐकतो म्हणून वाईट वाटून घेऊ नका. ब्रिटनमध्ये गाइड डॉगसाठी (अंध माणसांना वाट दाखवणारे कुत्रे) वाढवलेल्या पिल्लांवर झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात ५ महिन्यांच्या मानाने ८ महिन्यांच्या वयात पिल्लं आपल्या माणसाने दिलेलं 'बस' कमी ऐकत होती, परक्या माणसाचं मात्र ऐकत होती. हे वयात येणं आहे. वर्षाच्या आसपास ते ओसरायला लागतं. याच महिन्यांत लोक कंटाळून कुत्रा साखळीला बांधून टाकतात, आणि मग तो जन्मभर तिथेच भुंकत राहतो. तुम्ही विचारलंत, तेवढ्यावरून तुमचं तसं होणार नाही असं मला वाटतं.

समुद्राकडे पळतो यात त्याचा दोष नाही. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर काम करायचे, पाण्यातून जाळी आणि सुटलेले मासे आणून द्यायचे. त्याला किनाऱ्यावर न्या, ओहोटीला, सकाळी उन्हं चढायच्या आत. फक्त त्याआधी दुसरा शब्द पक्का करा: 'सोड'.

गेल्या वर्षीची गोष्ट. सकाळी रापण, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली होती, लोक बांगडे-तारली निवडत होते, नको ते वाळूत फेकत होते. तांबू माझ्यापुढे वीस पावलं. त्याने काहीतरी उचललं, वळला, तर तोंडात फुगलेला केंड, विषारी मासा. केंडाच्या यकृतात, अंड्यांत, कातडीत जे विष असतं त्याने श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि त्यावर उतारा नाही. मी जागेवरून हललो नाही. हललो असतो तर त्याने गिळला असता, कारण हिसकावून घेणार म्हटलं की कुत्रा गिळतो. 'सोड,' म्हटलं, रोज संध्याकाळी म्हणतो त्याच आवाजात. त्याने मासा खाली ठेवला आणि माझ्या खिशाकडे बघितलं. त्या दिवशी त्याला अख्खं अंडं दिलं. माझे हात नंतर बराच वेळ कापत होते.

हे शिकवलं होतं नारळाच्या करवंटीवर. करवंटी त्याच्या तोंडात, अंड्याचा तुकडा नाकासमोर. सुटली की शब्द, खाऊ, आणि करवंटी परत त्यालाच. दिलेलं परत मिळतं हे कळलं की कुत्रा वस्तू धरून ठेवत नाही. जमायला लागलं की शब्द आधी म्हणायचा, खाऊ नंतर दाखवायचा.

आता गोचीड. राकेल अजिबात नको, कातडी भाजते आणि तो चाटतो ते पोटात जातं. आपल्याकडे गोचीड हटत नाहीत याचं कारण कुत्र्यावर कमी, घरात जास्त आहे. एक मादी हजारांनी अंडी घालते आणि ती कुत्र्यावर नाही, भेगांत घालते. जांभ्याचा चिरा म्हणजे भोकंच भोकं. रात्री बॅटरी घेऊन तो झोपतो तिथल्या भिंतीवर, खाटेखाली, चौकटीच्या सांध्यात बघा, बारीक पिल्लं वर चढताना दिसतील. तिथे सिमेंटचा गिलावा करा, झोपायचं पोतं आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढा. कुत्र्याला डॉक्टरांकडे नेऊन वजन करून गोचीडाची गोळी घ्या. अफॉक्सोलॅनरची गोळी महिनाभर काम करते, फ्लुरालॅनरची साधारण तीन महिने. पूर्वी कधी झटके आले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि सबंध पावसाळा खंड पडू देऊ नका.

रोज पाच मिनिटं अंग तपासा: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीखाली. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा, पिळायचा नाही, नखावर चिरडायचा नाही, स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा. हेसुद्धा शिकवूनच करा. कानाला हात, खाऊ. पंजा हातात, खाऊ. दाबून धरून केलंत तर पंधरा दिवसांनी चिमटा दिसताच तो खाटेखाली जाईल. कुत्रा खात नाही, हिरड्या फिकट पडल्या, नाकातून रक्त आलं, लघवी गडद झाली, ताप १०३ फॅरनहाइटच्या वर गेला, तर त्याच दिवशी डॉक्टर. गोचीडतापात एक दिवससुद्धा थांबायचं नाही, आणि घरातली क्रोसिन-ब्रुफेन चुकूनही द्यायची नाही.

मृगाच्या आधी लसीचं कार्ड बघून घ्या. रेबीज तर हवीच, पण आपल्याकडे लेप्टोची लस तितकीच गरजेची, कारण उंदराच्या मुताने दूषित झालेलं शेताचं पाणी कुत्रा पितोच, आणि कुत्र्याकडून हा रोग घरातल्या माणसांना होऊ शकतो. ती पहिल्यांदा घेताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा घ्यावी लागते, मग वर्षाला एकदा. म्हणजे आत्ताच सुरुवात करायला हवी.

पावसात भिजला की वरवर पुसून भागत नाही. लॅब्राडोरचे केस दुहेरी, वरचे कोरडे वाटतात आणि आत ओल राहते. मग कातडी लाल होऊन चिघळते. टॉवेलने उलट्या दिशेने चोळा, कानाची पाळी उचलून कोरडी करा, समुद्रावरून आला की गोड्या पाण्याने धुवा. केस भादरू नका. रात्री खळ्यात बांधू नका, पडवीत दार लावून आत घ्या.

शोबद्दल. मी एक डॉबरमन दोन-तीन वर्षं कोल्हापूर-बेळगावच्या शोंमध्ये उभी केली आहे, तेवढ्यावरून सांगतो. आधी कागद शोधा. केनेल क्लब ऑफ इंडिया १८९६ सालचा, कार्यालय चेन्नईत. त्यांची नोंदणी आणि अंगात मायक्रोचिप नसेल तर जातीच्या वर्गात उतरता येत नाही. विकणाऱ्याने 'पेपर नंतर देतो' म्हटलं असेल तर आजच फोन करा. कागद असतील तर त्याला 'उभा' हा वेगळा शब्द शिकवा, कारण रिंगमध्ये बसणारा कुत्रा चालत नाही. परक्या माणसाने ओठ उचलून दात बघणं, अंगभर हात फिरवणं सोसता आलं पाहिजे. ते काम शेजारच्या काकांना द्या, खिशात अंडं ठेवून.

कागद नसले तरी नाराज होऊ नका. ओबीडियन्सच्या, म्हणजे आज्ञा पाळण्याच्या, स्पर्धा अमेरिकेत १९३३ मध्ये हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाईंनी सुरू केल्या, कारण त्यांच्या पूडलांना लोक नुसते शोभेचे म्हणायचे आणि त्यांना कुत्र्याचं डोकं दाखवायचं होतं. हाकेला सरळ येऊन मालकासमोर बसणं हा त्या स्पर्धेतला एक मुख्य भाग आहे. तुमच्या खळ्यात दोर घेऊन तुम्ही तेच शिकवणार आहात.

महिनाभर दोर सोडू नका, अगदी रोज येत असला तरी. आणि उद्या सकाळी पहिलं अंडं उकडाल तेव्हा त्याचे किती तुकडे झाले आणि शब्द कोणता ठरला, ते खाली लिहा. तुकडे मोठे असतील तर मी सांगेन.