चिल्टर्नचे शंभर काय?

प्रश्न असा: स्कॉटलंडमधल्या किनरॉस अँड वेस्ट पर्थशायर मतदारसंघातल्या 1938 च्या ‘मध्यावधी निवडणुकी’वरच्या एका मराठी लेखात ‘डचेस ऑफ अ‍ॅथॉल यांनी चिल्टर्नचे शंभर स्वीकारले’ असं वाक्य आहे. (डचेस म्हणजे तिथल्या खासदार.) शंभर काय, पौंड?

आधी ते ‘मध्यावधी’ खोडा. अख्खं सभागृह मुदतीआधी निवडायचं ती मध्यावधी. एका रिकाम्या जागेसाठी होते ती पोटनिवडणूक. बातम्यांमध्ये हा घोळ इतक्यांदा ऐकू येतो की कान किटले.

आता शंभर. ब्रिटिश खासदाराला थेट राजीनामा देता येत नाही. 1624 च्या ठरावापासून हीच रीत. मग पळवाट काय? राजाकडून लाभाचं पद घ्यायचं, की खासदारकी आपोआप जाते. त्यासाठी ठेवलेलं एक नावापुरतं पद म्हणजे इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायरच्या चिल्टर्न टेकड्यांतल्या स्टोक, डेस्बरो आणि बर्नम या तीन ‘हंड्रेड्स’चं कारभारीपद. काम शून्य.

हंड्रेड हा जुना महसुली विभाग. शंभर कुटुंबांचा की शंभर ‘हाईड’ जमिनीचा, यावर विद्वान हमरीतुमरीवर येतात. कशाला? हाईड म्हणजे मुळात एका कुटुंबाच्या पोटापुरती जमीन. म्हणजे दोन्ही पक्ष एकच गोष्ट बोलताहेत! इंग्रजीत ‘हाईड’ म्हणजे कातडंही, पण या हाईडचा त्याच्याशी काही संबंध नाही, तो घर-कुटुंब या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाच्या गोतातला. कातडं कापून जमीन मोजल्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी एकदा कोश उघडावा. म्हणजे दोन्ही पक्ष एकच गोष्ट बोलताहेत!

आणि आकड्यावरून मुलूख ओळखणं आपल्याला नवं आहे का? गोव्यातली साष्टी म्हणजे षट्षष्टी, सहासष्ट गावं. तिसवाडीत तीस, बार्देसात बारा. माझं तर ठाम मत आहे की मोजणी करणारा कारकून जिथे पोचला तिथे अशी नावं उगवलीच. पुढे गावं वाढोत की घटोत, आकडा गोठलेला.

हां, डचेस. पंतप्रधान चेंबरलेन यांचं हिटलरशी तडजोडीचं म्युनिक धोरण त्यांना पटेना, स्थानिक पक्षसंघटनेनं दुसरा उमेदवार शोधायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी स्वतःच जागा सोडली आणि अपक्ष उभ्या राहिल्या. गंमत अशी, की हे कारभारीपद देतो अर्थमंत्री, आणि तेव्हा त्या खुर्चीत होते चेंबरलेन यांच्याच गोटातले सर जॉन सायमन. 21 डिसेंबरला मतदान झालं. पक्षाचे उमेदवार स्नॅडन यांना 11,808, डचेसना 10,495. पडल्या 1,313 मतांनी.

तेव्हा लेखकमहाशयांनी ‘चिल्टर्न हंड्रेड्सचं कारभारीपद घेतलं’ असं लिहावं आणि पुढे ‘म्हणजेच राजीनामा दिला’ एवढं जोडावं.