ओडी म्हणजे उजवा डोळा

"ताई, दुकानातून घरी येऊन पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर डोळे मिटतात. नोकरी करून परीक्षा देणं या वयात जमतं का हो?"

न्यू जर्सीत समुपदेशन करताना हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतं. विचारणारी बहुतेक वेळा चाळिशीच्या आसपासची बाई असते. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेली, मुलं जरा मोठी झाल्यावर एखाद्या फार्मसीच्या काउंटरवर लागलेली आणि आता फार्मसी टेक्निशियनचं, म्हणजे फार्मासिस्टच्या हाताखालच्या मदतनिसाचं, प्रमाणपत्र मिळवायच्या खटपटीत असलेली. त्यातल्या एकीची गोष्ट इथे सांगते. तिची परवानगी घेतली आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि नाव मुद्दामच दिलेलं नाही.

पहिल्या दिवशी ती कामावरचेच काळे बूट घालून आली. खुर्चीच्या कडेवर टेकली आणि म्हणाली, "मला अहोजाहो नका करू, तू म्हणा." वेळ मिळत नाही, ही तक्रार ऐकायची माझी तयारी होती. ती बोलली वेगळंच.

"मी बी.फार्म. आहे, ताई. सांगलीला भावाच्या मेडिकलमध्ये सहा वर्षं काउंटर सांभाळला. आणि मी टेक्निशियनच्या परीक्षेत नापास झाले."

हे तिने नवऱ्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला फोनवर परीक्षा पुढे गेल्याचं कळवलं होतं.

ज्यांना या परीक्षेची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पीटीसीबी या संस्थेची ही परीक्षा अमेरिकेत १९९५ पासून होते. प्रश्न ९०, पर्याय निवडायचे, वेळ ११० मिनिटं. त्यातले ८० प्रश्न मोजले जातात, उरलेले १० पुढच्या परीक्षांसाठी अजमावले जातात, पण ते कोणते हे देणाऱ्याला कळत नाही. गुण १००० ते १६०० या पट्टीवर मिळतात आणि पास व्हायला १४०० लागतात. हिला १३७१ मिळाले होते. फी १२९ डॉलर. बसण्यासाठी एकतर मान्यताप्राप्त प्रशिक्षण घ्यावं लागतं किंवा त्याच्या तोडीचा किमान ५०० तासांच्या कामाचा अनुभव. ही दुसऱ्या वाटेने आली होती. प्रमाणपत्र सक्तीचं आहे की नाही ते राज्यावर अवलंबून असतं, पण त्यामुळे पगार आणि कामाची प्रत दोन्ही बदलू शकतात, म्हणून तिला ते हवं होतं.

"तू फार्मासिस्टच का होत नाहीस?" हा प्रश्न तिला इथल्या प्रत्येक गणपतीत आणि प्रत्येक हळदीकुंकवात विचारला जायचा. विचारणाऱ्यांना नियम ठाऊक नसतो. परदेशी पदवीवर इथे फार्मासिस्ट व्हायचं तर आधी एक पात्रता प्रमाणपत्र मिळवावं लागतं, आणि १ जानेवारी २००३ पासून पदवी घेतलेल्यांना त्यासाठी पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपला बी.फार्म. चार वर्षांचा. ही २००७ ची पदवीधर. म्हणजे अभ्यासक्रम एका वर्षाने कमी पडला म्हणून ते दार बंद झालेलं. पुन्हा कॉलेजला जाऊन फार्म.डी. ही इथली फार्मासिस्टची पदवी करायची तर काही वर्षं आणि मोठा खर्च. शिवाय व्हिसामुळे आधीची कितीतरी वर्षं कामाची परवानगीच नव्हती.

हे सगळं पहिल्या भेटीत कळूनही मी त्यावर थांबले नाही, ही माझी चूक झाली. मी सरळ वेळापत्रकाकडे वळले. रोज रात्री जेवणं उरकल्यावर पाऊण तास, एवढंच कर म्हणाले. पुढच्या आठवड्यात ती वही घेऊन आली. सात दिवसांपैकी एका दिवसापुढे "२० मि." आणि बाकी सहा दिवसांपुढे नुसती रेघ. त्या रेघा तिने पट्टी धरून मारल्या होत्या. मला त्या पाहून वाईट वाटलं, कारण हरल्याचा हिशेबही ती इतका नेटका ठेवत होती.

मग आम्ही घड्याळ बाजूला ठेवलं आणि तिच्या कामाच्या पाळ्या कागदावर मांडल्या. दुकानातल्या नोकरीत आठवडा आठवड्यासारखा नसतो. सोमवारी सकाळी दुकान उघडायचं, बुधवारी रात्री नऊला बंद करायचं, शनिवार कधी मोकळा तर कधी नाही. आठ तास उभं राहायचं, त्यात ड्राइव्ह-थ्रूची घंटा, फोन, लसीसाठी लागलेली रांग, आणि विमा नाकारला म्हणून ओरडणारं गिऱ्हाईक. असा दिवस गेल्यावर रात्री दहाला माणूस झोपतो तो आळशीपणाने नव्हे. बारावीत ती चार-चार तास एका जागी बसून वाचायची, आणि अभ्यास म्हणजे तेवढाच असं तिच्या मनात पक्कं बसलेलं. मी तिला म्हटलं, त्या मुलीच्या पाठीमागे तिची आई चहा घेऊन उभी असायची. तुझ्या पाठीमागे कोण आहे?

ती पहिल्यांदा मोकळी हसली. म्हणाली, "कुकर."

नवी मांडणी अशी ठरली. बंद करायच्या पाळीच्या दिवशी रात्री पुस्तकाला हातच लावायचा नाही. त्याऐवजी कामावर वीस मिनिटं आधी पोचायचं आणि पार्किंगमध्ये गाडीतच बसून वाचायचं. उघडायच्या पाळीच्या दिवशी घरी येऊन पाय कोमट पाण्यात टाकून तेवढाच वेळ. आणि आठवड्यातून एक मोकळी सकाळ, दोन तास, फक्त गणितांसाठी. त्या सकाळी मुलांना मराठी शाळेत नवरा नेईल. याला नवऱ्याने हो म्हणायला एक रविवार गेला, तोही खर्च धरून चालावं लागतं.

तिसऱ्या भेटीला मी तिला सराव परीक्षेतले चुकलेले प्रश्न घेऊन यायला सांगितलं. मी औषधशास्त्र शिकलेली नाही, पण चुकांकडे पाहून माणूस कळतो. पाहते तर औषध कशासाठी आणि कसं काम करतं यात ती पक्की होती. घसरत होती भलत्याच जागी.

"डोळ्याच्या थेंबांच्या चिठ्ठीवर ओडी," तिने वाचून दाखवलं. "मी दिवसातून एकदा असं उत्तर दिलं."

आपल्याकडे डॉक्टर ओडी लिहितात ते दिवसातून एकदा या अर्थाने. इथे डोळ्याच्या औषधाला ओडी म्हणजे उजवा डोळा. दिवसातून एकदा यासाठी इथे क्यूडी लिहीत, पण तेही वाचताना घोटाळा होतो म्हणून टाळायच्या यादीत गेलंय. दिवसातून तीनदा यासाठी आपलं टीडीएस इथे टीआयडी, गरज पडली तरच यासाठी आपलं एसओएस इथे पीआरएन. आपलं पॅरासिटामॉल इथे असिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल इथे अल्ब्युटेरॉल, ग्लायबेनक्लामाइड इथे ग्लायब्युराइड, रिफाम्पिसिन इथे रिफाम्पिन. तारीखसुद्धा उलटी. तिने सहा वर्षं हातात खेळवलेल्या गोष्टीच परीक्षेत तिचा पाय ओढत होत्या. अनोळखी शब्द असता तर ती थांबून विचार करती. इथे शब्द ओळखीचा वाटायचा आणि हात आपोआप चुकीच्या पर्यायावर जायचा.

मी सहज म्हटलं, "मग जुनं विसरून जायला हवं."

ती एकदम गप्प झाली. नंतर डोळे भरून आले. "सगळे तेच सांगतात, ताई. पदवी विसर, मेडिकल विसर. भावाच्या दुकानात लोक मला मॅडम म्हणायचे. परवा इथे गावाकडचे ओळखीचे काका औषध घ्यायला आले तर मी मागच्या फडताळाआड जाऊन उभी राहिले. मला तो निळा कोट घालून त्यांच्यासमोर जायचं नव्हतं."

तेव्हा मला पहिल्या भेटीतली माझी घाई उमगली. ती थकलेली होती हे खरं, पण नुसत्या थकव्याने १३७१ वर अडकली नव्हती. आपल्या पायरीखालची म्हणून जी परीक्षा आपण मनातून नाकारतो, तिचा अभ्यास अर्ध्या जिवानेच होतो. पास झाले तर मी टेक्निशियन ठरेन आणि नापास झाले तर टेक्निशियनही ठरणार नाही, अशा कात्रीत बसून ती दर रात्री पुस्तक उघडत होती. बंद झालेल्या त्या दाराचं दुःख कुणाजवळ बोललीच नव्हती. पुढच्या दोन भेटींत आम्ही परीक्षेचं नावही काढलं नाही. ती सांगलीच्या दुकानाबद्दल बोलली. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढू लागलं की खालच्या फळीवरची औषधं पोटमाळ्यावर नेण्याची धावपळ, उधारीची वही, एका आजीला गोळ्या ओळखू याव्यात म्हणून तिने पाकिटांवर काढलेले सूर्य आणि चंद्र. मी ऐकत राहिले. समुपदेशनात कित्येकदा तेवढंच काम असतं आणि ते सोपं नसतं.

मग वहीचं तिनेच सुचवलं. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे "तिकडे", उजवीकडे "इकडे". काही विसरायचं नाही, दोन्ही लिहायचं. डावीकडे क्रोसिन, उजवीकडे टायलेनॉल. डावीकडे ओडी, उजवीकडे उजवा डोळा. रोज पाळीत हाताखालून गेलेली पाच औषधं घरी आल्यावर वहीत उतरायची. एक गोष्ट मी तिला बजावली आणि वाचणाऱ्यांनाही बजावते: वहीत फक्त औषधाचं नाव. पेशंटचं नाव, जन्मतारीख, चिठ्ठीचा क्रमांक, काहीही दुकानाबाहेर आणायचं नाही. १९९६ च्या हिपा कायद्याने ती माहिती राखलेली आहे आणि अभ्यासासाठी होतं, ही सबब चालत नाही.

वही भरू लागली तसं आणखी एक लक्षात आलं. काही विषयांची पानं कोरीच राहत होती. कारण तिला पाळीभर गल्ल्यावरच उभं करत. तयार पाकीट द्यायचं, पैसे घ्यायचे, पुढचा. चिठ्ठी संगणकात भरणं, विम्याचा नकार सोडवणं, माल मागवणं हे तिच्या वाट्याला येतच नसे, आणि परीक्षेचा काही भाग तिथलाच असतो. मी म्हटलं, मुख्य फार्मासिस्टकडे माग. तिला ते भीक मागितल्यासारखं वाटलं. माझ्यासमोर तिने ते वाक्य चार वेळा बोलून पाहिलं. पहिल्या तीन वेळा सुरुवात "सॉरी"ने झाली. चौथ्या वेळी झाली नाही: "मी दोन महिन्यांनी परीक्षा देतेय. आठवड्यातून दोनदा मला चिठ्ठ्या टाइप करायला बसवाल का?" फार्मासिस्ट म्हणाली, मंगळवारी दुपारी गर्दी कमी असते, ये. इतक्या महिन्यांत तिने विचारलं नव्हतं म्हणून कुणी दिलं नव्हतं.

त्यानंतर काउंटरच तिचा वर्ग झाला. इन्सुलिनची बाटली किती दिवस पुरेल, हे गणित घ्या. दहा मिलिलिटरची बाटली, दर मिलिलिटरला १०० युनिट, म्हणजे हजार. पेशंट सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा युनिट घेतो, रोजचे ३०. पुस्तकी भागाकाराने ३३ दिवस. तिने ३३ टाइप केलं तेव्हा फार्मासिस्टने मागून बोट ठेवलं, कारण बहुतेक इन्सुलिनची बाटली उघडल्यावर २८ दिवसांत टाकून द्यायची असते. हे तिला पुन्हा वाचावं लागलं नाही. सर्दीच्या गोळ्यांवरून गिऱ्हाईक तिच्यावर तडकलं त्या संध्याकाळी वहीत आलं: स्युडोएफेड्रिन (त्या गोळ्यांतलं औषध), एका गिऱ्हाइकाला खरेदीची मर्यादा दिवसाला ३.६ ग्रॅम, तीस दिवसांत ९ ग्रॅम, ओळखपत्र पाहून नोंद. व्यसनाच्या धोक्यामुळे कायद्याने नियंत्रित औषधांपैकी शेड्यूल दोनच्या औषधाला रिफिल, म्हणजे त्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध, नाही, तीन आणि चारच्या औषधांना सहा महिन्यांत पाच. हे पाठ करायला तिने जंग जंग पछाडलं होतं, आणि एका आठवड्यात तीन जणांना नाही म्हणावं लागल्यावर ते तोंडात बसलं.

राग मात्र उरायचा. त्यासाठी वहीची शेवटची पानं ठेवली. बंद करायच्या पाळीनंतर एकच ओळ, गिऱ्हाईक काय बोललं आणि मला काय वाटलं. अभ्यास नाही, फक्त ओळ, मग झोप. मी ती पानं कधी मागितली नाहीत.

काही भेटींनंतर तिने आईला फोन करून नापास झाल्याचं सांगितलं. आई म्हणाली, "मग? परत दे की." एवढंच. त्या रात्री ती आठ तास झोपली, हे तिने मला दोनदा सांगितलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने रजा घेतली. हे मी सगळ्यांनाच सांगते. पुन्हा फी भरून परीक्षा देण्यापेक्षा एका दिवसाचा पगार सोडलेला बरा. आदल्या रात्री दुकान बंद करून सकाळी ११० मिनिटं पडद्यासमोर बसणं हा स्वतःवर अन्याय आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, आणि ओळखीचा शब्द दिसला की उत्तर देण्याआधी एक श्वास घेऊन विचारायचं: हे तिकडचं की इकडचं? तेवढं एकच वाक्य ती घेऊन गेली.

निकाल तिथेच पडद्यावर दिसतो, अधिकृत गुण नंतर येतात. ती पास झाली. मला दुपारी फोन आला तेव्हा ती पार्किंगमध्ये, त्याच गाडीत होती आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

मध्यंतरी ती भेटायला आली. दर दोन वर्षांनी प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी २० तासांचं शिक्षण पूर्ण करावं लागतं, त्याची पाळ्यांत मांडणी करून हवी होती. बोलता बोलता म्हणाली, दुकानात नाशिकची एक मुलगी नवीन लागलीय, डी.फार्म. झालेली, पहिल्याच आठवड्यात ओडीला अडखळली. हिने तिला वही देऊन टाकली. शेवटची पानं तेवढी आधी कापून घेतली होती. ती पर्समध्ये होती, चार घड्या घालून. तिने काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आता वाचलीत तरी चालेल."